बाबली मेस्त्रीचे कान

बाबली मेस्त्रीकडे मोटरसायकल घेऊन गेलात, तर तो आधी गाडीकडे बघतच नसे; तुमच्या तोंडाकडे बघे. तुम्ही म्हणणार, "मेस्त्रीनु, कसलो तरी आवाज येता." तो म्हणणार, "कसलो तरी म्हणजे कसलो? तोंडान काडून दाखय." आता गाडीचा आवाज माणसाने तोंडाने काढायचा म्हणजे काय करायचं? पण बाबलीपुढे सुटका नव्हती. देवीच्या तळीसमोर, भर रस्त्यात, चारचौघांच्या देखत धडधाकट बाप्या माणसं गाल फुगवून, ओठ फडफडवून, जीभ टाळ्याला आपटून आपापल्या गाड्यांचे आवाज काढत. बँकेतले साहेब एकदा ओरोसहून आले होते. ते म्हणाले, "साधारणपणे घर्षणाचा ध्वनी आहे." बाबलीने त्यांना सरळ सांगितलं, "साहेब, ध्वनी नको, आवाज काढा." साहेबांनी काढला. तळीवर कपडे धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

एकदा कॉलेजातली एक मुलगी स्कूटर घेऊन आली. तिला पुरुषांसमोर आवाज काढायची लाज वाटणार नाही तर काय! तिने तो बाबलीच्या बायकोच्या, सुगंधाच्या, कानात काढला आणि सुगंधाने पदर खोचून तो मोठ्याने काढून दाखवला. बाबली डोळे मिटून ऐकत होता. "मागच्या चाकाचा बेअरिंग," तो म्हणाला, आणि निघालंही तेच. अशा गोष्टींमुळे त्याचं नाव आचऱ्यापर्यंत पोचलं होतं.

आणि नाव झालं की माणसाच्या अंगात काय शिरतं ते सांगायला नको. उंचीने बेताचा, पोट किंचित सुटलेलं, साठीला टेकलेला हा माणूस स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून उभा राहिला की जिल्ह्याचा मोठा डॉक्टर झक मारेल. "माझ्या कानाक चकवणारो आवाज अजून जन्माक येवचो आसा," असं तो चहा पिताना म्हणायचा, कुणी विचारलं नसलं तरी. सुगंधा आतून ऐकवायची, "मी रातदीस बोलतंय ता आयकाक येणा नाय, आनी घाटीवरल्या गाडयेची चैन आयकाक येता!" यावर तो खूश होऊन हसायचा, कारण घाटीवरली चैन त्याला खरंच ऐकू यायची.

तेव्हा सुदेश तांडेलचं प्रकरण त्याच्या दारात आलं ते अशा भरभराटीच्या दिवसांत.

सुदेश गाडीवरून मासे विकायचा. सकाळी बंदरावरच्या लिलावात माल घ्यायचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि पाठीमागे एक असे क्रेट बर्फासकट भरायचा, आणि सुरंगीची घाटी चढून वरच्या सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, पलीकडच्या गावांत जायचा. तिकडे समुद्र नाही, त्यामुळे त्याचा भोंगा वाजला की बायका हातातलं काम टाकून अंगणात येत. तरणा, बडबड्या, हसरा पोर. बांगडा शिळा असला तर तोंडावर सांगायचा, "वैनी, आज घेव नकात, उद्या देतंय." घरी बायको अपेक्षा आणि दोनेक वर्षांची मुलगी दिव्या. ही दिव्या देवीच्या नवसाची. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली, म्हणून अपेक्षाची देवीवर फार श्रद्धा.

दिवाळी झाली आणि सुदेशच्या गाडीतून आवाज यायला लागला. तोही कुठेही नाही. सुरंगीच्या घाटीत अर्ध्या चढावर एक वळण आहे, तिथे आंब्याखाली शेंदूर फासलेला धोंडा आहे. तो जागेवाल्याचा. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. दिसत नाही, पण असतो, आणि मान दिला नाही तर रागावतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. नेमक्या त्या वळणावर आवाज यायचा. वर सड्यावर गेल्यावर कमी व्हायचा, आणि दोन-तीन गावं फिरून झाली की गायब.

"काडून दाखय," बाबली म्हणाला.

सुदेशने खाकरून घसा साफ केला. "कट्क," तो म्हणाला. "आनी मगे जरासो थांबान, कुंऽय. परत कट्क."

बाबलीने त्याला पुन्हा काढायला लावला. डोळे मिटून ऐकला. मग त्याने गाडी चालू करून, बंद करून, ढकलून, हलवून बघितली. चेन सैल होती ती आवळली. हँडलच्या आतल्या गोळ्या बदलल्या. मागच्या शॉकअपचे बुश नवे घातले. दुपारी, माल विकून झाल्यावर सुदेश यायचा, गाडी मुकाट उभी असायची, एक शब्द काढायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटीत पुन्हा कट्क, कुंऽय.

सुदेशने मोबाईलवर आवाज भरून आणला. त्यात नुसता वारा घोंघावत होता आणि मध्येच सुदेशचा स्वतःचा आवाज, "हां, आता इलो, आयकलात?" बाबलीने मोबाईल परत दिला. हे मोबाईलवालं त्याला मुळीच आवडलं नाही. त्याचा अपमानच होता तो.

"सकाळी बंदरावरसून थेट हयसर ये," तो म्हणाला. "मीच घेवन जातंय घाटीर."

सुदेश आला. आता इथे आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवीच्या दारावरून मासळी न्यायची नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणी दंड करत नाही, पण नेत नाहीत. कोळणी टोपल्या घेऊन खालच्या पाणंदीने वळसा घालून जातात. बाबलीचं गॅरेज देवळाच्या समोर, तळीच्या काठावर. म्हणून सुदेश त्या सकाळी लीलाच्या चहाच्या हॉटेलाकडे थांबला, भरलेले क्रेट तिथे पडवीत उतरवले, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि मोकळी गाडी घेऊन गॅरेजवर आला.

क्रेट कुठे आहेत, हे बाबलीने विचारलं नाही. विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. देवीसमोर मासळी नसते, त्यात विचारायचं काय? तो स्वतः देवळाच्या आवारात वाढलेला माणूस. कुणी क्रेट घेऊन आला असता तर त्यानेच त्याला शिव्या घालून हाकलला असता.

तो गाडीवर बसला आणि सुरंगीची घाटी चढून गेला. वळणावर गाडी हळू केली, जोरात केली, उतरून परत चढवली. आंब्याखाली धोंड्यापाशी इंजिन बंद करून उभा राहिला. पानं सळसळत होती. खाली खाडीत कुणाचं तरी यंत्र टकटकत होतं. गाडी मात्र गप्प. बाबलीला घाम आला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आवाज आहे असं माणूस शपथेवर सांगतो आणि आपल्याला तो सापडत नाही! गावात कळलं तर? लीलाच्या हॉटेलात बसून लोक काय म्हणतील? या विचाराने त्याचं डोकं फिरलं.

परत येऊन त्याने गाडी स्टँडवर लावली. सुदेश आशेने बघत होता.

"सुदेश, माझा आयक. गाडीत काय एक नाय. आवाज गाडीचो असतो तर माका आयकाक इलो असतो."

"मगे कसलो तो?"

बाबलीने हात पुसले. "जागेचो," तो म्हणाला. "तुझो बापूस त्या धोंड्यार नारळ ठेवायचो, आठावता? तू ठेवलंस कधी? ठेव जा. माझ्या हातचा काम नाय ता."

तो हे अर्ध्या चेष्टेने म्हणाला, की अर्ध्या रागाने, की आपली लाज राखायला, हे त्याचं त्यालाच धड ठाऊक नव्हतं. पण सुदेशचा चेहरा उजळला. गाडी चांगली आहे, मेस्त्रीने सांगितलं म्हणजे चांगलीच आहे. एवढंच त्याला हवं होतं. तो हसत हसत लीलाकडे गेला, क्रेट लावले आणि भोंगा वाजवत निघून गेला. बर्फ तोवर बराच वितळला होता आणि खारं पाणी गाडीच्या पाठच्या भागावरून रस्त्यावर ठिबकत होतं. ते तर रोजच ठिबकायचं.

त्यानंतर दर अवसेला अपेक्षा नारळ, विडी आणि केळ्याच्या पानावर भाताची मूद घेऊन घाटीत जायची आणि धोंड्यापाशी गाऱ्हाणं घालायची. आवाज थांबला नाही. पण सुदेशला त्याचं भय उरलं नाही. वळणावर कट्क झालं की तो एक हात हँडलवरून काढून कपाळाला लावायचा. "जागेवालो माझ्यावांगडा बोलता," असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. बाबलीच्या कानावरही हे आलं. त्याने हातातलं काम सोडलं नाही.

शिमग्याच्या आधी, एका सकाळी, त्याच वळणावर सुदेश गेला. पाठून येणाऱ्या रिक्षावाल्याने बघितलं ते एवढंच, की चढता चढता गाडीची पाठ खाली बसली, पुढचं चाक वर गेलं आणि सुदेश रस्त्याकडेला रचलेल्या चिऱ्यांवर डोक्यावर आपटला. त्याच रिक्षात घालून नेला. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं. घाटीभर बांगडे पसरले होते आणि वरून घारी उतरत होत्या.

पोलिसांनी तोल जाऊन अपघात असं कागदावर घातलं. गावाने तसं म्हटलं नाही. ज्या वळणावर आवाज यायचा त्याच वळणावर माणूस जातो, आणि तुम्ही म्हणता तोल? जागेवाल्याचं काहीतरी चुकलं, असं जो तो म्हणू लागला. काय चुकलं, कुणाचं चुकलं, यावर लीलाच्या हॉटेलात दिवस दिवस चर्चा. बाबली त्या दिवसांत चहाला तिकडे गेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर सुगंधा अपेक्षाला भेटायला गेली. संध्याकाळी परत आली ती पडवीत टेकून बसली, चूल पेटवायलाही उठेना.

"काय झाला गो?" बाबलीने विचारलं.

"ती चेडवाक हात लावणा नाय," सुगंधा म्हणाली.

"म्हणजे?"

"दिव्याक. पोर तिच्या अंगार जाता, आये आये करता, आनी ही हात पाठीमागे धरून भिंतीक चिकटता. जावबाय भरयता तिका, न्हाणयता. ही निसती बघता. मी इचारलंय, गो, असा काय करतंस? तर म्हणाली, काकी, माझो हात वायट."

सुगंधाने पदर तोंडाला लावला. मग थांबून थांबून तिने सगळं सांगितलं. मरणाच्या आधीच्या अवसेला अपेक्षा बाहेरची होती. घरात नारळ ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. सुदेश मासळी घेऊन सड्यापलीकडे, दीर समुद्रावर, जाऊ माहेरी, सासू कधीच गेलेली. चुकवलं तर जागेवाला रागावेल, आणि त्या हाताने ठेवला तर विटाळ. तिने ठेवला. सुदेशलाही सांगितलं नाही. आणि त्यानंतर आठवडाही गेला नाही. "त्या हातान मी तेका मारलंय, काकी," असं ती म्हणाली होती. "आता पोरीक लावू तो हात?"

बाबली बघत राहिला. नारळ ठेव, असं त्याने सांगितलं होतं. त्यानेच.

दोन दिवसांनी सुदेशचा भाऊ दीपेश टेंपोतून मोडकी गाडी घेऊन गॅरेजवर आला. पोलिसांनी सोडली होती. "भंगारात घाला, नायतर काय उपयोगाचा आसा ता काडून घेवा," दीपेश म्हणाला. "घरात नको ती. अपेक्षा बघूक सुद्धा तयार नाय." त्याने गाडी तळीच्या कडेला उतरवली आणि वळून न बघता गेला.

गाडीला अजून माशांचा वास होता. पाठीमागे क्रेट बसवायला कुणा वेल्डरने लोखंडी चौकट जोडून दिली होती. क्रेट घासू नयेत म्हणून तिला जुन्या ट्यूबा आणि गोणपाट गच्च गुंडाळलेलं. बाबलीने कधी ते सोडून बघितलं नव्हतं. त्याने पातं घेतलं आणि ट्यूबा कापल्या. आतून ओला काळा चिखल निघाला, मिठाचा, गंजाचा, खवल्यांचा. वर्षानुवर्षं बर्फाचं खारं पाणी त्या गोणपाटात मुरत राहिलं होतं. आणि त्याच्या खाली, सीटच्या पाठी, गाडीच्या सांगाड्याची मुख्य नळी तुटून दोन झाली होती.

बाबलीने तुटलेलं तोंड फडक्याने पुसून उन्हात धरलं. तुटीचा पाऊण भाग तांबूस काळा होता, जुना गंज चढलेला. एका बाजूला नखाएवढा भाग मात्र लख्ख, ताजा. म्हणजे नळी त्या सकाळी तुटली नव्हती. ती कित्येक महिने तुटत होती. भरलेले क्रेट लटकले आणि चढावर पाठीमागे भार आला की फट उघडायची, कट्क. वळण घेताना मिटायची, कुंऽय. मोकळ्या गाडीत ती ओठ मिटल्यासारखी बंद. जागेवाला नाही, धोंडा नाही, नारळ नाही. भार. लीलाच्या पडवीत गोणपाटाखाली ठेवलेला भार!

तो तिथेच तेलकट जमिनीवर बसला. त्याला रडू यायला हवं होतं, पण आधी आली ती स्वतःची शिसारी. आवाज गाडीचो असतो तर माका आयकाक इलो असतो! काय ही मिजास! एक माणूस आपल्या जिवाची काळजी तोंडाने काढून दाखवत होता, कट्क, कुंऽय, हुबेहूब, आणि आपण त्याला काय सांगितलं?

कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. भंगारवाला आला असता, सांगाडा गेला असता, गाव जागेवाल्याचं नाव घेत राहिलं असतं. बाबलीच्या मनात हे आलं. खोटं कशाला बोला, दोन दिवस ते मनात होतं. सुगंधाशी तो बोलेना. गॅरेजवर आलेल्या गाड्या तशाच उभ्या राहिल्या. पण अपेक्षाचं ते भिंतीला चिकटून पोरीकडे बघणं त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं तरी त्याला दिसत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याने तो नळीचा तुकडा करवतीने कापून काढला, फडक्यात गुंडाळला आणि सुगंधाला म्हणाला, "मी तांडेलाकडे जावन येतंय." ती काही न विचारता दारापर्यंत आली.

अपेक्षा दारापुढच्या खळ्यात बसली होती, उन्हात, हात पाठीमागे. दिव्या जरा पलीकडे शिंपल्यांशी खेळत होती. दीपेशची बायको सुपात तांदूळ निवडत होती, दीपेश जाळं सारखं करत होता. बाबली कुणी बस म्हणायच्या आधीच अपेक्षासमोर जमिनीवर बसला आणि फडकं सोडलं.

"बाये, ह्या बघ. जागेवाल्यान काय करूक नाय. तुझ्या नारळान काय जावक नाय. ह्या लोखंड मोडला. खाऱ्या पाण्यान आतसून गंजला होता, कित्येक महिने. ह्योच तो आवाज. माझ्याकडे गाडी इली होती, माका शोधूक होयो होतो. माका गावलो नाय. चूक माझी. तुझो हात बरो आसा."

दीपेशच्या हातातलं जाळं थांबलं. अपेक्षाने पहिल्यांदाच हात पुढे केला आणि बोटाने त्या तुटीवरून हळूच फिरवलं, गंजावरून, मग चकचकीत भागावरून. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होतंय, असं बाबलीला वाटलं. त्याने श्वास सोडला.

"मगे हो आवाज सकाळीच कित्याक येय?" तिने विचारलं. "दुपारी कित्याक नाय?"

"भार पडल्यार येय. क्रेट भरलेले असले काय."

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. अपेक्षा मासेवाल्याची बायको होती, भोळी नव्हती. ती विचार करत होती आणि तिचं बोट त्या लोखंडावर थांबलं होतं.

"तुमच्याकडे इलो तेव्हा क्रेट लीलाकडे उतरल्यान," ती हळू आवाजात म्हणाली. "दर येळाक उतरय. मीच सांगलंय तेका. दिव्याच्या डोक्यार हात ठेवक लायलंय मी, देवीच्या दारावरसून मासळी नेवचंय नाय म्हणून. त्या दिसा तो म्हणी होतो, एकदाच तसोच जातंय, मेस्त्री आयकात तरी. मी नको म्हटलंय. भांडलंय."

हात पुन्हा मागे जाऊ लागला. बाबलीने तो जाताना बघितला.

"मेस्त्रीनु," ती म्हणाली, "खरा सांगा. देवीची शपथ आसा तुमका. क्रेट घेवन इलो असतो, तर तुमका आयकाक इलो असतो?"

आला असता. दुसऱ्याला घाटीतच कळणारा तो आवाज त्याला देवळाच्या कोपऱ्यावर गाडी वळतानाच आला असता. बाबलीने इंजिन बंद करायला लावायच्या आधीच सांगितलं असतं, चॅसी गेली रे, उतर खाली. इतकं स्वच्छ त्याला ठाऊक होतं. एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात नीट येत होती.

"नाय," तो म्हणाला.

ती बघत राहिली.

"नाय येवचो, बाये. माझे कान गेलेहत. वरीस होवन गेला. ह्यो ठार गेलो, ह्यो अर्धो. कोणाक सांगूक नाय मी, धंदो बुडात म्हणून. लोकांका तोंडान आवाज काडूक लावतंय ता कित्याक, तुका काय वाटता? ओठ बघून अंदाज करतंय. देवळातली घंटा माका आयकाक येणा नाय, तुझ्या घोवाची गाडी खंयसून येतली? दहा क्रेट लावन इलो असतो तरी मी गाडी बरी आसा म्हणानच सांगलो असतंय."

मग अपेक्षा उठली. उठली ती त्याच्या अंगावर धावली.

"मेल्या! भयरो होवन गाडये बघतंस? लोकांचे घोव मारतंस?" तिने तो लोखंडाचा तुकडा उचलून त्याच्या छातीवर फेकला. "तुका ठावक होता! तुका आयकाक येणा नाय ता तुका ठावक होता आनी तू माका नारळ ठेवक लायलंस! मी त्या धोंड्यार डोक्या आपटलंय रे! तुझा तळपट होवंदे! तुझ्या घराक कोण पाणी देवक उरा नये!" ती ओरडत होती, आणि अख्खी वाडी कुंपणाशी गोळा होत होती. दिव्या घाबरून भोकाड पसरत तिच्याकडे धावली. अपेक्षाने शिव्या न थांबवता वाकून पोरीला उचललं, कडेवर घेतलं, एका हाताने तिला छातीशी दाबलं आणि दुसरा हात बाबलीच्या तोंडासमोर नाचवत राहिली.

बाबलीने खाली पडलेला तुकडा उचलला आणि मान खाली घालून बाहेर पडला. दीपेश कुंपणापर्यंत मागून आला. मारेल असं वाटलं, पण तो नुसता थुंकला.

बातमी त्याच संध्याकाळी लीलाच्या हॉटेलात पोचली. मग काय विचारता! भयरा मेस्त्री, ओठ बघून गाडी दुरुस्त करणारा मेस्त्री. बँकेच्या साहेबांनी गाडी कणकवलीला नेली. आचऱ्याहून कुणी येईनासं झालं. जे जवळचे, जुने, ते येत, पण दुरूनच हाताने खुणा करत, नाहीतर कानाशी येऊन बोंबलत, "मेस्त्रीनुऽ, पंक्चऽर!" आवाज शोधायला आता कुणी त्याच्याकडे गाडी देत नव्हतं. पंक्चर, तेलपाणी, ब्रेकची तार, एवढंच उरलं. सुदेशच्या मरणाचा दोष बाबलीच्या दारात कायमचा येऊन बसला. ज्याला बाबलीला टाळायचं त्याला वाट बदलून जाता येतं. बाबलीला कुठे जायचं होतं?

खरं काय ते सुगंधाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती शिजत्या भातावरचं झाकण वाजलं तरी बाहेरून "भात उतू जाता गो" म्हणून सांगणाऱ्या माणसाबरोबर संसार करत होती. पावसाआधी एका सकाळी, गॅरेजवर कुणी नसताना, तिचा धीर सुटला.

"अवो, किती दीस ह्या? लोक तुमका तोंडार शिव्ये देतत, आयकाक येणा नाय समजान. माका सोसणा नाय. सांगान टाका एकदा सगळ्यांका, तुमका आयकाक येता म्हणून."

"आनी अपेक्षान आयकल्यान तर?" बाबली म्हणाला.

समोरच्या रस्त्याने अपेक्षा दिव्याला कडेवर घेऊन अंगणवाडीकडे चालली होती. बाबलीने चाक मांडीवर घेतलं आणि आऱ्या आवळायला लागला. पोरीला तो ओळखीचा वाटला असावा, किंवा हातातलं चाक आवडलं असावं. तिने आईच्या खांद्यावरून मान काढली आणि सगळ्या तळीवर ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "आजोऽ! ए आजोऽ!"

अपेक्षा थांबून त्याच्याकडे बघू लागली. दिव्याने पुन्हा हाक मारली. बाबलीने मान वर केली नाही. तो चाक फिरवून पुढची आरी आवळत राहिला.